मोटरहोमची सर्व्हिसिंग आणि वॉरंटी: मराठवाड्यात गाडी ठेवणाऱ्यांसाठी सुरुवातीपासून

आपल्याकडं आता मोटरहोम, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेल्या गाड्या, दिसू लागल्यात. वेरूळच्या पार्किंगमध्ये, तुळजापूरला, समृद्धीच्या टोलवर एखादी तरी दिसतेच, अन् गावाकडं नेली की आख्खी गल्ली आत डोकावून जाते. गाडी घ्यायची कशी, आतून बनवायची कशी यावर व्हिडिओ ढिगानं पडलेत. पण ती बिघडली तर कुणाकडं जायचं यावर मराठीत फारसं कुणी बोलत नाही, अन् खरा त्रास तर तिथंच चालू होतो. मी संभाजीनगरला राहतो, डिझेल व्हॅनच्या चेसिसवर (म्हणजे इंजिन-चाकांसकट मूळ सांगाड्यावर) बांधलेली मोटरहोम वापरतो, अन् चेसिसच्या डीलरपासून बॉडीबिल्डर, इन्व्हर्टरवाला, पाटेवाला (गाडीखालच्या स्प्रिंगचे पाटे बघणारा), वायरमन असे सगळ्यांचे उंबरे झिजवून झालेत. नवीन माणसाला तेच हेलपाटे पडू नयेत म्हणून सगळं क्रमानं लिहितोय. लांब आहे, पण गाडी लाखांची असते, तेव्हा निवांत वाचा.

१. आधी हे समजून घ्या: गाडी एक, वॉरंट्या चार

कार घेतली की काहीही बिघडलं तरी एकच दार. मोटरहोमचं तसं नसतं. तिच्यात कमीत कमी चार जण गुंतलेले असतात:

चेसिस कंपनी: इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, ब्रेक, स्टिअरिंग, गाडीचं मूळ वायरिंग.
बॉडीबिल्डर म्हणजे आतलं घर बांधणारा: टप, खिडक्या, फर्निचर, पाण्याच्या लाइनी, घराचं वायरिंग, सगळी सील.
उपकरणांच्या कंपन्या: फ्रीज, एसी, इन्व्हर्टर, लिथियम बॅटरी, सोलर, पंप.
टायर अन् इंजिनची बॅटरी: यांची वॉरंटी बहुतेक वेळा त्यांच्या त्यांच्या कंपनीकडं असते, गाडीच्या कंपनीकडं नाही.

बिघाड झाला की हे चौघं एकमेकांकडं बोट दाखवतात. गाडी गरम व्हायला लागली, डीलर म्हणतो बॉडीबिल्डरनं वजन जास्त टाकलं. फ्रीज बंद पडला, फ्रीजवाला म्हणतो वायरिंग बघा. वायरिंगवाला म्हणतो बॅटरी बघा. यात कुणी खोटंच बोलतंय असं नाही, प्रत्येकाला फक्त आपला भाग दिसतो. म्हणून कोणती गोष्ट कुणाची हे तुमच्याकडं पहिल्या दिवसापासून कागदावर पाहिजे.

यात दोन सापळे आहेत ते नीट बघा. पहिला म्हणजे चेसिसची वॉरंटी साधारणपणे चेसिस विकल्याच्या तारखेपासून चालू होते, घर बांधून गाडी तुमच्या दारात आल्यापासून नाही. चेसिस बॉडीबिल्डरच्या आवारात चार-सहा महिने उभी राहिली तर तेवढी वॉरंटी गाडी न चालवताच गेली. वर पहिल्या फ्री सर्व्हिसची मुदत महिन्यांत असते, ती पण त्या आवारातच उलटू शकते, अन् सर्व्हिस चुकली म्हणून पुढं क्लेम अडतो. चेसिस घेतानाच डीलरला लेखी विचारा की बांधकामाच्या काळात पहिली सर्व्हिस कशी करायची.

दुसरा सापळा उपकरणांचा. बॉडीबिल्डर फ्रीज, एसी, बॅटऱ्या एकदम घेऊन ठेवतो, बिल त्याच्या नावावर असतं. तुमच्या गाडीत ते बसेपर्यंत वॉरंटीतले काही महिने संपलेले असतात अन् कंपनीच्या नोंदीत मालक तुम्ही नसताच. प्रत्येक उपकरणाचा सिरियल नंबर, बिलाची कॉपी, अन् वॉरंटी तुमच्या नावावर नोंदवलेली आहे याचा पुरावा डिलिव्हरीच्या आधी मागून घ्या. शेवटचा हप्ता हातात असतो तोवर सगळे कागद पटापट निघतात, नंतर फोन उचलायला पण वेळ लागतो.

२. कागद: ही फाइल गाडीतच ठेवा, फोटो मोबाइलवर ठेवा

आरसी. त्यावर वाहनाचा वर्ग मोटर कॅरॅव्हॅन किंवा कॅम्पर व्हॅन असाच लिहिलेला पाहिजे
फॉर्म २१, म्हणजे विक्रीचं प्रमाणपत्र
फॉर्म २२-ए. बॉडी वेगळी बांधलेली असली की हाच लागतो, याचा एक भाग चेसिस कंपनी भरते अन् दुसरा बॉडीबिल्डर
एआयएस-१२४ प्रमाणे मंजुरी असल्याचा कागद (मोटर कॅरॅव्हॅनसाठीचं मानक हेच)
चेसिसचं वॉरंटी बुक, बॉडीबिल्डरचं लेखी वॉरंटी पत्र, उपकरणांची बिलं
वायरिंगचा अन् पाण्याच्या लाइनीचा नकाशा, हातानं काढलेला असला तरी चालेल
विम्याची पॉलिसी, त्यात आतल्या वस्तूंची यादी अन् किंमत

आरसीवर जोर देतोय त्याला कारण आहे. जुनी व्हॅन किंवा मालवाहू गाडी घेऊन परस्पर आत घर बांधायचं, अन् आरसीवर मात्र जुनाच वर्ग, असं बरेच जण करतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं मूळ दिलेल्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०१९ मध्ये हेच पक्कं केलं. अशा गाडीची चेसिस वॉरंटी तर अडतेच, अपघात झाला तर विम्याचा क्लेम पण लटकतो. एमएच-२० असो का एमएच-२४ का २६, आधी आपल्या आरटीओत विचारून घ्या, मग मिस्तरीला ॲडव्हान्स द्या.

विम्याचं थोडक्यात: जे सामान पॉलिसीत दाखवलेलं नाही त्याचे पैसे मिळणार नाहीत असं धरून चला. सोलर, लिथियम बॅटरी, छतावरचा एसी, हे सगळं किमतीसकट लिहून घ्या.

३. डिलिव्हरी: मुहूर्ताच्या दिवशी फक्त हार घाला, तपासणी आधी करा

आपल्याकडं पाडवा नाहीतर दसरा गाठूनच गाडी आणायची पद्धत आहे. चांगलंच आहे. फक्त त्या दिवशी घरचे सोबत, नारळ, पेढे, फोटो, यात तपासणी होत नाही. दोन-तीन दिवस आधी जा, सकाळी जा, अन् एवढं करा:

छतावर पाइपानं वीसेक मिनिटं पाणी सोडायला लावा. आत बसून खिडक्यांचे कोपरे, एसीच्या खिडकीचा काठ, स्कायलाइट, हातानं दाबून बघा. ओल डोळ्याला दिसायच्या आधी हाताला कळते, प्लाय थंड अन् किंचित फुगीर लागते.
पाण्याची टाकी पूर्ण भरा, पंप चालू ठेवून सगळे नळ बंद करा. पंप मधूनच आपोआप चालू व्हायला लागला तर कुठंतरी गळती आहे.
फ्रीज, पंखे, लाइट, इन्व्हर्टर एकाच वेळी चालू ठेवून रात्रभर गाडी तिथंच उभी करा. सकाळी बॅटरीत किती उरलं ते लिहून घ्या.
किमान पन्नास किलोमीटर चालवा, त्यात खराब रस्ता पाहिजेच. कपाटं उघडतात का, कुठं खडखड होते का ते कळतं.

जे सापडेल ते त्यांच्याच लेटरहेडवर लिहून घ्या, खाली सही-तारीख. "मालक, करून देतो की, काळजी करू नका" हे त्यांनी कितीही मनापासून म्हटलेलं असलं तरी कागदावर पाहिजे.

४. भुईकाट्यावर जा

हे सगळ्यात स्वस्त काम आहे अन् सगळ्यात कमी लोक करतात. जिनिंगवर, मोंढ्यात, साखर कारखान्याजवळ कुठंही भुईकाटा मिळतो. गाडी प्रवासाला निघताना असते तशी भरा: पाणी, डिझेल, गादी, भांडी, माणसं. आधी पुढची चाकंच काट्यावर घेऊन वजन करा, मग पूर्ण गाडी घ्या. वजाबाकी केली की मागच्या ॲक्सलवर किती येतंय ते कळतं. आरसीवर लदानासहित वजन असतं अन् बहुतेक गाड्यांवर प्रत्येक ॲक्सलची मर्यादा सांगणारी प्लेट असते, त्याच्याशी ताडून बघा.

एकूण वजन बसतंय पण मागचा ॲक्सल ओव्हर होतोय, असं लई गाड्यांत सापडतं, कारण पाण्याची टाकी, बॅटऱ्या अन् पलंगाखालचं सामान सगळं मागं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, हे विसरायला होतं. मागं वजन वाढलं की पाटे बसतात, टायर तापतात, ब्रेक लायनर लवकर जातात, अन् क्लेमच्या वेळी ओव्हरलोड म्हणून डीलरचं उत्तर तयार असतं. काट्याची पावती फाइलला लावा. वजन मर्यादेत आहे याचा तुमच्याकडं असलेला हा एकमेव पुरावा असतो.

५. सर्व्हिसिंगचं वेळापत्रक महिन्यांवर धरा, किलोमीटरवर नाही

सर्व्हिस बुकात इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते, असं लिहिलेलं असतं. रोजची गाडी किलोमीटर आधी गाठते. मोटरहोम वर्षातून थोडीच फिरते, म्हणून तिचे महिने आधी भरतात. "अजून गाडी पळलीच कुठं" म्हणून लोक थांबतात, अन् तेवढ्यात वॉरंटीची अट मोडलेली असते. ऑइल उभ्या गाडीत पण जुनं होतं, ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. मोबाइलमध्ये तारखेचा अलार्म लावून टाका.

सर्व्हिस सेंटर निवडताना आधी फोन करून दोन गोष्टी विचारा: शेडची उंची किती, अन् लिफ्ट किती वजन घेते. छतावर एसी अन् सोलर असलेली गाडी कारच्या शेडमध्ये जातच नाही. कमर्शियल गाड्यांचं वर्कशॉप असेल तिथंच न्या, जिल्ह्याच्या ठिकाणी बायपासला ती असतात. अपॉइंटमेंट सोमवारची घेऊ नका, त्या दिवशी लई गर्दी.

मग गावातल्या मिस्तरीकडं काय न्यायचं? माझं मत स्पष्ट आहे. पाटे, पंक्चर, व्हील अलाइनमेंट, दाराचे कडी-कोयंडे, फर्निचर, यात आपली माणसं कुणापेक्षा कमी नाहीत, बऱ्याचदा सरसच आहेत. वॉरंटी चालू असेपर्यंत इंजिन, डिझेलची लाइन, सेन्सर अन् गाडीचं मूळ वायरिंग यांना मात्र बाहेर कुणाचाच हात लागू देऊ नका. एक कापलेली अन् टेप मारलेली वायर दिसली की तिचा बिघाडाशी संबंध असो नसो, क्लेम तिथंच अडकतो.

६. जॉब कार्ड: सगळं इथंच ठरतं

जॉब कार्ड म्हणजे सर्व्हिस सेंटर तुमची तक्रार ज्यावर नोंदवून तुमची सही घेतं तो कागद. हा भाग दोनदा वाचा. तोंडी केलेली तक्रार ही वॉरंटीच्या हिशेबात केलेलीच नसते.

होतं असं की तुम्ही काउंटरवर सांगता, "साहेब, माजलगावहून येताना चढाला लागलं की टेम्परेचरचा काटा वर सरकतो, मग एसीची थंड हवा बंद होते, गाडी पाच मिनिटं उभी केली की परत ठीक." समोरचा ॲडव्हायझर मान हलवतो अन् संगणकात टाइप करतो: "एसी चेक करणे". संध्याकाळी गॅस भरून गाडी परत. पुढच्या महिन्यात तीच तक्रार, परत "एसी चेक करणे". वॉरंटी संपल्यावर रेडिएटर किंवा फॅनचा दोष निघतो अन् तेव्हा सांगितलं जातं की गाडी गरम होते अशी तुमची तक्रार कधी आलीच नव्हती. कागद बघितला तर त्यांचं बरोबर असतं.

म्हणून घरूनच एका कागदावर लिहून न्या: काय होतं, केव्हा होतं, किती वेळ चालल्यावर, चढाला का सपाटीला, बाहेर किती ऊन होतं, लोड किती होता, किलोमीटर किती. मीटरचा अन् लागलेल्या लाइटचा फोटो, आवाज असेल तर व्हिडिओ. तो कागद जॉब कार्डला जोडायला सांगा अन् तुमची वाक्यं जशीच्या तशी टाइप झालीत का ते सही करायच्या आधी वाचा. कुणी घाई केली तर नम्रपणे सांगा, "भाऊ, दोन मिनिटं थांबा, एवढं दुरुस्त करा मग सही करतो." भांडायची गरज पडत नाही.

गाडी परत घेताना:
काय तपासलं, काय सापडलं, कोणता पार्ट बदलला हे लिहिलेलं बिल घ्या, शून्य रुपयांचं असलं तरी.
"दोष आढळला नाही" असं असेल तर तेच लेखी घ्या. तोच दोष परत आला की हा कागद कामाला येतो.
दुरुस्त झालं म्हणून सांगितलेली गोष्ट तिथंच चालवून बघा. चढाचा दोष असेल तर चढावरच.

७. आपल्या भागात नेहमी येणारे बिघाड

ऊन. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो, उभ्या गाडीच्या आत त्याहून कितीतरी जास्त. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज घेत नाही, तिच्यातलंच सर्किट चार्जिंग तोडतं. लोक समजतात बॅटरी गेली, कंपनी तपासून ठीक आहे म्हणून परत पाठवते. बॅटरीच्या कपाटाला हवा खेळायला जाळी अन् छोटा पंखा आहे का बघा, इंजिनजवळ किंवा उन्हाच्या बाजूच्या पत्र्याला चिकटून बॅटरी नको.

एसीचा हिशेब पण इथंच सांगतो, कारण निम्म्या तक्रारी बिघाडाच्या नसून अपेक्षेच्या असतात. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण १२८० वॅट-अवर. एक टनाचा एसी पूर्ण जोरात हजार वॅटच्या आसपास ओढतो. म्हणजे एका बॅटरीवर तासभर. कुणी रात्रभर एसी चालेल म्हणून सांगत असेल तर बॅटऱ्या किती ते मोजा. अन् एसीसाठी रात्रभर इंजिन चालू ठेवून झोपायचं, हे चुकूनही करू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड झोपेतच माणूस नेतो, त्याला वास नसतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो, आधी तो घ्या.

वायरिंग. माझ्या गाडीतला फ्रीज दुपारी बंद पडायचा अन् रात्री नीट चालायचा. फ्रीजवाल्यांनी फ्रीज तपासला, ठीक. बॅटरी तपासली, ठीक. शेवटी इथल्याच एका ट्रक वायरमननं साधा मल्टिमीटर घेतला, फ्रीज चालू असताना बॅटरीवर मोजलं तर १३.२ व्होल्ट, फ्रीजच्या मागं मोजलं तर ११.४. वायर बारीक अन् लांब, वाटेतच व्होल्टेज पडत होतं, दुपारी कॉम्प्रेसरवर जोर आला की फ्रीजचं सर्किट तोडायचं. जाड वायर टाकली, प्रश्न संपला. तुम्ही पण हे दोन आकडे मोजून, मीटरचा फोटो काढून मगच तक्रार नोंदवा, म्हणजे तक्रार बॉडीबिल्डरच्या नावावर करायची का कंपनीच्या हे पहिल्याच दिवशी कळतं. सोबत हे पण बघा: बॅटरीपासून निघणाऱ्या मुख्य वायरला बॅटरीजवळच फ्यूज आहे का. नसेल तर गाडी वापरू नका, आधी तो बसवून घ्या.

डीपीएफ. बीएस-६ डिझेल गाडीत सायलेन्सरच्या लाइनीला काजळी धरणारा फिल्टर असतो. गावातल्या गावात फिरणं, तासनतास इंजिन चालू ठेवून उभं राहणं, यानं तो चोंदतो. फिल्टरचा लाइट लागला की मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे हायवेवर सलग वीस-तीस मिनिटं एकसारखी गाडी चालवा, बहुतेक वेळा तो स्वतःच साफ होतो. लाइट दुर्लक्षित करून चालवली तर गाडी ओढायची बंद होते अन् खर्च मोठा येतो. फिल्टर काढून टाकतो म्हणणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका, वॉरंटी अन् पीयूसी दोन्ही जातं.

डीईएफ. हे इंजिनचा धूर साफ करायला वेगळ्या टाकीत टाकायचं द्रावण. गाडीला डीईएफची टाकी असेल तर त्यात फक्त सीलबंद, चांगल्या कंपनीचं डीईएफच टाका. डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के युरियाचं शुद्ध द्रावण, हे ऐकून शेतातला युरिया पाण्यात घोळून टाकायची कल्पना आपल्याकडं लगेच सुचते. शेतीच्या युरियातले अन् बोअरच्या पाण्यातले क्षार इंजेक्टर अन् कॅटॅलिस्ट खाऊन टाकतात. कॅन उन्हात ठेवू नका, उन्हानं ते लवकर खराब होतं.

पाणी. आपल्या बोअरचं पाणी जड. पंपाच्या जाळीत, शॉवरमध्ये, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो अन् पंप जोर करून जळतो. पंपाची जाळी दर ट्रिपनंतर धुवा. टाकी भरताना साधा सेडिमेंट फिल्टर लावा. थर साफ करायला सायट्रिक ॲसिड चालतं, किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळतं, पण नंतर टाकी दोन-तीनदा स्वच्छ धुवा. क्षारानं गेलेला पंप वॉरंटीत धरत नाहीत.

धूळ अन् कापूस. दिवाळीनंतर जिनिंगच्या भागातून फिरलात तर रेडिएटरच्या अन् एसीच्या जाळीत कापसाचा थर बसतो. कमी प्रेशरच्या पाण्यानं धुवा, जोराच्या प्रेशरनं पत्त्या वाकतात. एअर फिल्टर पुस्तकातल्यापेक्षा लवकर बघा.

छत. मे संपायच्या आत छतावर चढून प्रत्येक सांधा बघा. आपलं ऊन सीलंट कडक करतं, मग पहिल्याच वळवाला पाणी आत. तडा दिसला तर जुनं खरवडून पॉलियुरेथेन सीलंट भरा, वरून सिलिकॉनचा लेप देऊ नका, पुढं त्यावर दुसरं काही चिकटत नाही. गारपीट झाली तर त्याच दिवशी सोलरचे अन् स्कायलाइटचे फोटो काढून विमा कंपनीला कळवा.

उंदीर. सोयाबीन निघालं, ऊस तुटला की शेतातले उंदीर उभ्या गाडीत शिरतात, वायरी कुरतडतात. हे कोणत्याच वॉरंटीत बसत नाही. गाडी कडब्याच्या गंजीजवळ किंवा धान्याच्या कोठीजवळ लावू नका, आत खायचं काही ठेवू नका, आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघा.

टायर. मोटरहोमचे टायर झिजायच्या आधी म्हातारे होतात. साइडवॉलवर चार आकड्यांचा कोड असतो, २३२२ म्हणजे २०२२ चा २३ वा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली, बाजूला बारीक तडे दिसले, की नक्षी कितीही शिल्लक असली तरी बदला. समृद्धीसारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर भर उन्हात तासनतास चाललं की टायर तापतात, त्यात हवा कमी असली तर फुटतात. हवा सकाळी टायर थंड असताना भरा अन् वाटेत तापलेल्या टायरची हवा सोडू नका.

काळी माती. पावसाळ्यात शेतात गाडी घालू नका. दुरुस्तीच्या मुद्द्यात हे यासाठी, की रुतलेली गाडी काढताना क्लच जळतो, अन् जळालेली क्लच प्लेट वॉरंटीत कुणीच देत नाही. ट्रॅक्टरनं ओढायची वेळ आलीच तर दोरी मूळ हुकालाच लावा, बंपरला किंवा ॲक्सलला नाही.

८. क्लेम नाकारला तर

पायरी पायरीनं जा, एकदम तावातावानं नाही.

पहिलं, नकाराचं कारण लेखी मागा. डीलर देत नसेल तर तुम्हीच ईमेल करा: "अमुक तारखेला मला असं असं सांगण्यात आलं, हे बरोबर आहे का ते कळवावं." उत्तर नाही आलं तरी तो ईमेल पुरावा आहे. दुसरं, तोच ईमेल चेसिस कंपनीच्या ग्राहक विभागाला अन् बॉडीबिल्डरला, दोघांना एकत्र पाठवा. एकमेकांसमोर लिहावं लागलं की बोटं दाखवणं कमी होतं. तिसरं, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, फोन फुकट आहे, बरीच प्रकरणं इथंच मिटतात.

तरीही नाही झालं तर स्पीड पोस्टनं नोटीस, अन् मग जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. बॉडीबिल्डर पुण्याचा असो का परराज्यातला, परभणीचा माणूस परभणीत तक्रार करू शकतो, लोकांना हे माहीतच नसतं अन् "कुठं जायचं एवढ्या लांब" म्हणून सोडून देतात. तुम्ही दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. फी पाच लाखांपर्यंत काही नाही, दहा लाखांपर्यंत २०० रुपये, वीसपर्यंत ४००, पन्नासपर्यंत १०००. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन पण दाखल होते. मुदत दोन वर्षं, तक्रारीचं कारण घडल्यापासून. "बघू, करू" म्हणत ही मुदत निघून जाते, तेव्हा तारखेवर नजर ठेवा.

यातला मोठा सापळा: गाडी व्यापारी कामासाठी घेतलेली असेल तर तुम्ही या कायद्यात ग्राहक धरले जात नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः चालवून धंदा करणाऱ्याला सूट आहे. पण गाडी फर्मच्या नावावर घेऊन भाड्यानं लावणार असाल तर घ्यायच्या आधीच वकिलाशी बोला.

अन् काउंटरवरच्या पोराशी वाद घालू नका. निर्णय त्याच्या हातात नसतो, उद्या तुमच्या गाडीवर काम तोच करणार असतो.

९. रस्त्यात बंद पडली तर

चेसिस कंपनीच्या रोडसाइड असिस्टन्सचा नंबर अन् तुमचा चेसिस नंबर डॅशबोर्डवर चिकटवून ठेवा. शेजारीच गाडीची उंची, लांबी अन् भुईकाट्यावरचं वजन लिहा. फोन केल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा, नाहीतर कारची क्रेन येते, बघते अन् परत जाते, अन् तुम्ही मांजरसुंब्याच्या घाटात नाहीतर कन्नड घाटात दुसऱ्या क्रेनची वाट बघत बसता. घाटात बंद पडली तर आधी दगड लावा, त्रिकोण मागं लांब ठेवा, माणसं रस्त्याच्या कडेला बाहेर काढा, मग फोन.

सोबत ठेवायचं: मल्टिमीटर, सगळ्या मापाचे फ्यूज, फॅन बेल्ट, कुलंट, डिझेल फिल्टर, जंपर केबल, गाडीचं वजन उचलेल असा जॅक, जॅकखाली ठेवायला जाड फळी, टॉमी, पाण्याच्या पाइपाचे क्लॅम्प, टेप, टॉर्च.

गाडी क्रेनवर चढवायच्या आधी गॅसचा कॉक अन् पाण्याचा पंप बंद करा, इन्व्हर्टर बंद करा, कपाटांना कड्या लावा. चारी बाजूनं अन् आतून व्हिडिओ काढा. सर्व्हिस सेंटरला गाडी रात्री पोहोचली तर वॉचमनकडून का होईना गाडी मिळाल्याची चिठ्ठी घ्या, तारीख, वेळ, किलोमीटर लिहून. अन् दुसऱ्या दिवशी सकाळी जॉब कार्ड उघडेल तेव्हा स्वतः हजर राहा.